ऐतिहासिक मशीद बघायला जाताय? या चुका टाळा

अहमदाबादची जामा मशीद १४२४ साली बांधून झाली. त्यानंतर गुजरातची सल्तनत गेली, मुघल आले, मराठे आले, इंग्रज आले आणि गेले, पण तिथे आजही दिवसातून पाच वेळा नमाज होते. जुन्या वास्तू दाखवायला मी लोकांना घेऊन जातो तेव्हा सर्वांत आधी हेच सांगतो. किल्ला, लेणी, मकबरा या वास्तूंचा वापर थांबलेला असतो, मशिदीचा थांबलेला नसतो. तरीही मंडळी हातात बाटली, डोक्यावर गॉगल आणि ‘अर्ध्या तासात उरकू’ असा हिशेब घेऊन येतात. पुढच्या बहुतेक चुका त्या हिशेबातूनच होतात.

‘कधी उघडते?’ एवढंच विचारून निघणं

नमाजच्या वेळा सूर्यावर ठरतात. फजर सूर्योदयाआधी, जोहर सूर्य माथ्यावरून कलल्यावर, असर तिसऱ्या प्रहरी, मगरिब सूर्यास्त झाल्या झाल्या आणि इशा संधिप्रकाश पुरता मावळल्यावर. म्हणजे वेळा रोज थोड्या सरकतात. इस्तंबूलमध्ये जूनमधला सूर्यास्त रात्री साडेआठच्या पुढे जातो आणि डिसेंबरात तो पावणेसहाच्या आत होतो. मित्राने उन्हाळ्यात पाठवलेलं वेळापत्रक घेऊन हिवाळ्यात गेलात तर दारात ताटकळणार, आणि मग पहारेकऱ्याशी हुज्जत घालणार. तो बिचारा काय करणार?

मोबाइलवरच्या अ‍ॅपवर विसंबणाऱ्यांचीही एक गफलत होते. अ‍ॅप सांगतं ती त्या नमाजची वेळ सुरू होण्याची घटका. जमात, म्हणजे सगळे एकत्र रांगेत उभे राहतात ती नमाज, त्यानंतर काही वेळाने असते आणि ती वेळ प्रत्येक मशीद आपली ठरवते. आपल्याकडच्या बऱ्याच मशिदींत दाराशी किंवा भिंतीवर एक फळा दिसेल. त्यावर एका ओळीत पाच-सहा घड्याळं असतात, प्रत्येकाखाली एकेका नमाजचं नाव आणि एक घड्याळ जुम्म्याचं, म्हणजे शुक्रवारच्या दुपारच्या नमाजचं. काटे फिरत नाहीत म्हणून लोकांना ती बंद पडलेली वाटतात. ते काटे हाताने लावलेले असतात, जमातीची वेळ बदलली की सरकवतात. मी आत शिरताना आधी तो फळा बघतो. नावं उर्दूत असतील आणि वाचता येत नसेल तर चपला सांभाळणाऱ्याला विचारावं, ‘अगली जमात कितने बजे?’ एवढ्या एका प्रश्नाने समोरच्याचा सूर बदलतो, हे मी नेहमी बघत आलोय.

माझं ऐकाल तर सकाळीच जा. सूर्योदयापासून जोहरपर्यंतची मोकळीक दिवसातली सर्वांत मोठी. भारतात तर याला आणखी एक कारण आहे. इथून किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, पश्चिमेला येते. त्यामुळे नमाजचं दालन अंगणाच्या पश्चिम बाजूला बांधतात आणि त्याच्या कमानींचं तोंड पूर्वेला असतं. सकाळचं ऊन थेट त्या कमानींवर पडतं. दगडातली वेलबुट्टी, कोरलेली अक्षरं, सगळं उठून दिसतं. तीच दर्शनी बाजू दुपारनंतर सावलीत जाते. लवकर उठायचा कंटाळा करून चारला पोचणारे मग ‘फोटोत दिसते तशी काही नाहीये’ म्हणत परततात, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

शुक्रवारी दुपारी मशीद बघायला जाऊच नका. इस्तंबूलची सुलतान अहमद मशीद त्या दिवशी दुपारची नमाज आटोपेपर्यंत पर्यटकांना घेत नाही. ताजमहाल तर शुक्रवारी बंदच असतो, कारण त्याच्या आवारातल्या मशिदीत जुम्म्याची नमाज होते. ‘आमच्याकडे शुक्रवारच आहे’ म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी एखादं संग्रहालय बघावं.

नमाज पढणाऱ्याच्या पुढून जाणं

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते आणि सर्वांत जास्त वेळा दिसते ती हीच. नमाजला उभा असलेला माणूस आणि तो जिथे कपाळ टेकवणार ती जागा, यांच्या मधून कुणी जायचं नसतं. म्हणून एकटा नमाज पढणारा माणूस बहुधा खांबाच्या किंवा भिंतीच्या आडोशाने उभा राहतो. या आडोशाला सुतरा म्हणतात. पुढून जाण्यात केवढा दोष आहे हे कळलं असतं तर माणूस त्यापेक्षा चाळीसपर्यंत थांबून राहिला असता, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात, आहे. ते चाळीस दिवस, महिने की वर्षं, हे सांगणाऱ्यालाही नक्की आठवत नव्हतं. विषय केवढा गंभीर मानला जातो ते एवढ्यावरून कळावं.

एकदा अहमदाबादच्या त्याच मशिदीत आमच्या गटातले एक गृहस्थ चांगला भारी कॅमेरा घेऊन आले होते. दालनात २६० खांब आहेत, त्यांच्या रांगांतून उजेड तुकड्यातुकड्यांनी खाली येतो. जमात होऊन गेली होती. एक वृद्ध गृहस्थ एका खांबामागे एकटेच नमाज पढत होते. त्यांच्या पांढऱ्या दाढीवर उजेड आला होता, आणि आमच्या कॅमेरेवाल्यांना तो ‘मिस’ करायचा नव्हता. ते सरळ खांब आणि त्या आजोबांच्या मध्ये शिरले आणि उकिडवे बसून कॅमेरा त्यांच्या तोंडासमोर धरला. आजोबा सजद्यासाठी वाकले. कपाळ टेकायच्या जागी यांचा गुडघा. आजोबा हात टेकून तसेच अर्ध्यावर थांबले. मी खांबाच्या मागून वळसा घालून गेलो आणि यांना दंडाला धरून बाजूला ओढलं. त्यावर त्यांचं म्हणणं काय, तर ‘अहो, ते काही बोलले नाहीत ना!’

बोलणार कसे? नमाज सुरू झाली की उजवीकडे आणि डावीकडे मान वळवून सलाम फिरवेपर्यंत माणूस कुणाशी बोलत नाही, इकडेतिकडे बघत नाही, हाताने खुणावून हटवायलाही कचरतो. त्याच्या गप्प राहण्याला संमती समजणं हा सरळसरळ अन्याय आहे. सलाम फिरवल्यावर आजोबा एवढंच म्हणाले, ‘बेटा, फोटो बाद में भी हो जाता.’ व्यवस्था बघणाऱ्यांनी मात्र आम्हा सगळ्यांना नम्रपणे बाहेर जायला सांगितलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. गटातल्या एका ताई सगळ्यांसाठी घरून ओढण्या घेऊन आल्या होत्या. त्यांचंही बघायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

यावर माझी सवय सांगतो. आत गेल्यावर कॅमेरा पिशवीतच ठेवायचा आणि मागच्या भिंतीशी दहा मिनिटं बसायचं. कोण नमाजमध्ये आहे, कोण नुसता टेकलाय, कोण कुराण वाचतोय, हे तेवढ्यात कळतं. मग फिरायचं ते मागून आणि कडेकडेने. विजापूरच्या जामा मशिदीत जमिनीवर काळ्या रेघांनी आखलेले नमाजचे खाने आहेत, साधारण २२५०. ते एकदा नीट बघा, म्हणजे एका माणसाची जागा कुठून कुठवर असते ते डोळ्यांत बसेल. मिहराबच्या, म्हणजे किब्ल्याच्या भिंतीतल्या कमानदार कोनाड्याच्या, बाजूला उभं राहून दालनाचा फोटो काढायचा मोह तर टाळाच. तिथून सगळ्यांचे चेहरे तुमच्या समोर येतात. माणसाचा फोटो हवा असेल तर नमाजनंतर विचारा. बरेच जण हो म्हणतात. नाही म्हणाले तर विषय तिथेच संपला.

बाकीच्या, थोडक्यात

कपडे: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. दिल्लीच्या जामा मशिदीत दारावर अंगावर घालायला झगा मिळतो, पण त्याच्या भरवशावर अर्ध्या चड्डीत जाणं मला पटत नाही. बायकांनी डोकं झाकायला स्वतःची ओढणी आणावी, सुती असली तर घसरत नाही.

चपला: उंबऱ्याच्या बाहेर काढा. हातात घेऊन जायच्या असतील तर पिशवीत घाला. गालिच्यावर चपलेचा तळ टेकू देऊ नका.

हौद वजूसाठी, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्यासाठी, असतो. सेल्फीसाठी काठावर बसणं, पोरांना पाण्यात हात घालू देणं, काहीही नको.

मिंबर म्हणजे शुक्रवारी खुतबा (प्रवचन) देण्याच्या पायऱ्या. त्यावर चढू नका, पोरांना बसवू नका.

आवाज: गोल घुमटात टाळ्या वाजवून आलेली मंडळी विजापूरच्या जामा मशिदीतही घुमट दिसला की टाळी वाजवून बघतात. गोल घुमट हा मुहम्मद आदिलशाहाचा मकबरा आहे, ही मशीद आहे. मोबाइल बंदच ठेवा.

जुन्या माहितीवर भांडणं: इस्तंबूलची आयासोफिया २०२० पासून पुन्हा मशीद आहे आणि जानेवारी २०२४ पासून पर्यटकांना वेगळ्या दाराने वरच्या सज्ज्यात सोडतात. खालचा मजला नमाजसाठी आहे. ‘आमचे शेजारी खालून फिरून आले होते’ हे तिथे सांगून उपयोग नाही.

सगळीकडे प्रवेश असतो असं धरून चालणं: मोरोक्कोत बहुतेक मशिदी मुस्लिमेतरांना बंद आहेत. कासाब्लांकाची १९९३ साली पुरी झालेली हसन दुसरा मशीद हा ठळक अपवाद, तीही वाटाड्याबरोबर ठरलेल्या वेळीच बघता येते. ट्युनिशियात कैरवानच्या मशिदीत अंगणात जाता येतं, नमाजचं दालन दारातूनच बघायचं. दारात उभं राहूनही बरंच दिसतं, घाई केली नाही तर.

रमजानमध्ये गेलात तर दिवसा अंगणात पाणी पिऊ नका, बाहेर येऊन प्या. संध्याकाळी इफ्तारच्या आधी निघायचं बघा. पण निघता निघता कुणी आग्रहाने बसवून खजूर हातावर ठेवला तर नको म्हणू नका. बसा, आणि बाकीच्यांनी रोजा सोडल्यावरच तोंडात टाका.