दातांच्या एक्स-रेमधल्या या चुका टाळा

सर्वांत जास्त घोळ ओपीजीवर, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या मोठ्या एक्स-रेवर होतो. दोन्ही जबडे, सगळे दात, अक्कलदाढा एकाच फोटोत येतात, त्यामुळे पेशंटला आणि नव्या डॉक्टरलाही वाटतं की आता सगळं कळलं. पण ओपीजीत हाडाची उंची साधारण २० ते ३० टक्के फुगून दिसते, आणि हाडाची जाडी तर दिसतच नाही.

गेल्या पावसाळ्यात परळच्या एक काकू मुलाला घेऊन आल्या. काकूंची खालची दाढ कधीच काढलेली, दुसऱ्या एका दवाखान्यात इम्प्लांट (दाताच्या जागी हाडात बसवायचा स्क्रू) ठरलेलं. "परवाची तारीख दिलीय डॉक्टर, एकदा नजर टाका ना." ओपीजीच्या प्रिंटवर पट्टी लावून पेनाने लिहिलेलं : हाड १४ मिलिमीटर, इम्प्लांट ११.५. मी तारीख पुढे ढकलायला लावली आणि सीबीसीटीला, म्हणजे जबड्याच्या थ्रीडी स्कॅनला पाठवलं. खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेच्या वरचं खरं हाड भरलं ११ मिलिमीटर! तो स्क्रू थेट नसेत घुसला असता. मग खालचा ओठ आणि हनुवटी बधिर, कधीकधी कायमची. शिवाय जिभेच्या बाजूने हाड खोल आत गेलेलं होतं. तिथून ड्रिल बाहेर पडलं तर जिभेखाली रक्त साठून श्वास कोंडू शकतो. ओपीजीत यातलं काहीही दिसत नव्हतं. नसेच्या वर २ मिलिमीटर जागा राखायची असते, म्हणून आम्ही ८ मिलिमीटरचं बसवलं.

शनिवार-रविवारचा कोर्स करून सोमवारी इम्प्लांट बसवायला निघालेल्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे : खालच्या दाढेच्या जागी सीबीसीटी पाहिल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका. पेशंट खर्चाला कुरकुरतो, हे खरं. त्याला शेजारी बसवून स्क्रीनवर नस दाखवा, मग तो ऐकतो.

मात्र ज्याला त्याला सीबीसीटी लिहून देणंही चूकच. दोन दाढांच्या फटीतली कीड शोधायला साधी बाइटविंग, म्हणजे दातांत चावून धरायची छोटी फिल्म पुरते. सीबीसीटीत कॅप आणि चांदीच्या फिलिंगभोवती काळे-पांढरे पट्टे उमटतात आणि धड दातही किडका भासतो.

ओपीजीला उभं राहण्याआधी कुड्या, नथ, चमकी, काढती कवळी सगळं उतरवा. कुडीची अंधुक सावली पलीकडच्या बाजूला, जरा वर उमटते. जीभ टाळूला चिकटवून ठेवा, नाहीतर वरच्या मुळांवर काळा पट्टा येतो. ऑपरेटर घाईत असला तर हे कुणी सांगत नाही, तुम्हीच लक्षात ठेवा.

रूट कॅनलआधीच्या छोट्या एक्स-रेत मुळाचं टोक आणि त्यापलीकडचं २-३ मिलिमीटर हाड दिसलं नाही, तर ती फिल्म पुन्हा घ्यायची. वरच्या पहिल्या दाढेची दुसरी फिल्म मी कोन थोडा तिरका करून घेतोच. तिच्या गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेकदा दोन कॅनल (मुळातल्या बारीक नळ्या) असतात आणि समोरून ते एकामागे एक लपतात. दुसरा साफ करायचा राहिला की काही महिन्यांनी पेशंट ठणका घेऊन परत येतो.

"एक्स-रे स्वच्छ आहे, म्हणजे दात चांगला" हेही धरून चालू नका. मुळाशी हाड बरंच झिजल्यावरच काळी छाया दिसते. थंड लावून बघा, दातावर ठोकून बघा.

किरणांच्या भीतीने एक्स-रे नाकारू नका. छोट्या डिजिटल एक्स-रेचा डोस साधारण एका दिवसात निसर्गातून मिळणाऱ्या किरणांइतका असतो. गरोदर असाल तर आधी सांगा. मशीनला अणुशक्तीनगरच्या एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी आहे ना, हे बेलाशक विचारा.

आणि ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून काढलेले व्हॉट्सअॅप फोटो! त्यावरून उपचार विचारू नका, आणि डॉक्टरांनो, सांगूही नका. मुळाची बारीक भेग त्यात हरवते. फिल्म उलटी धरली गेली तर डावं-उजवं बदलतं आणि भलत्याच दातावर बोट ठेवलं जातं. सीबीसीटी केलात तर प्रिंटवर समाधान मानू नका, पेनड्राइव्हवर डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ डिजिटल फाइल) मागून घ्या. जुने एक्स-रेही सोबत आणा. नव्याशेजारी जुना ठेवला की मुळाची छाया वाढतेय की भरून येतेय, ते दिसतं, आणि दात काढायचा की ठेवायचा हे त्यावर ठरतं.