तयार रिट्रीव्हरची परीक्षा घेताय? या चुका टाळा

पडलेला पक्षी किंवा वस्तू शोधून आणून देणारा कुत्रा म्हणजे रिट्रीव्हर. शिकून तयार झालेला असा लॅब्रेडोर खरंच तयार आहे का, हे पाहायला आपण शेतावर जातो आणि नकळत पेपर आपणच फोडून ठेवतो.

सगळ्यात मोठी चूक पावलांची. ‘ब्लाइंड’ म्हणजे कुत्र्याने पडताना न पाहिलेली डमी (पक्ष्याऐवजी वापरायची नकली वस्तू). ती त्याने तुमच्या शिट्टीवर आणि हाताच्या इशाऱ्यावर गाठायची असते. पण आपण उभं राहायच्या जागेवरूनच सरळ चालत जाऊन डमी ठेवतो आणि त्याच वाटेने परततो. कुत्रा आपल्या पावलांचा माग काढत थेट पोचतो आणि आपण खूश! मान खाली, नाक जमिनीला, वळणंही तुम्ही चाललात तशीच, असं दिसलं की ती खेप धरू नका. डमी दुसऱ्या बाजूने, बांधावरून वळसा घालून ठेवा. आधी चिमूटभर माती उडवून वारा बघा. वारा डमीकडून कुत्र्याकडे येत असेल, तर काम नाकच करतं, इशाऱ्याचा कस लागत नाही.

कुत्र्यादेखत एकामागून एक तीन डमी टाकल्या की बहुतेक कुत्रे शेवटची आधी आणतात. आठवणीचा खरा कस सगळ्यात आधी पडलेल्या डमीवर लागतो, त्यामुळे दोन आल्या म्हणून शाबासकी देऊन थांबू नका.

पट्टा हातात धरून ‘बसून राहतो’ म्हणणं तर मला अजिबात पटत नाही. अमेरिकन केनेल क्लबच्या रिट्रीव्हर चाचणीत मास्टर या सगळ्यात वरच्या पातळीला कुत्रा पट्ट्याविना असतो, आणि दुसरा कुत्रा पक्षी आणत असताना त्याला गप्प बसावं लागतं. मित्राचा कुत्रा सोबत घ्या आणि हेच करून बघा. तुम्ही एकदाही न बोलता तुमचा कुत्रा बसून राहिला, तरच पास.

नेहमीचं शेतही टाळा. तिथे डमी कुठे पडते, हे त्याला पाठ असतं.

खऱ्या तितर-बटेरांवर सराव मुळीच नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्याला पिटाळणंही शिकारीतच मोडतं.

नागपुरात परीक्षा डिसेंबर-जानेवारीच्या सकाळीच घ्यावी. उन्हात धापा टाकणाऱ्या कुत्र्याचं नाक नीट चालत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये तर जिवावर बेतू शकतं. कुत्रा मध्येच रेंगाळला, तर रागावण्याआधी पंजे बघा. वाळल्या गवताची कुसळं बोटांच्या बेचक्यात रुततात आणि चांगला कुत्राही त्यामुळे अडतो.