प्लग पॉइंटचा लोड कसा काढायचा: दोन बेडरूमच्या फ्लॅटचा हिशेब

वायरिंगच्या अंदाजपत्रकात पॉइंट (दिवा, पंखा किंवा प्लगची एकेक जागा) मोजलेले असतात, कारण पैसे पॉइंटवर ठरतात. वायर मात्र लोडवर, म्हणजे उपकरणं ओढतात त्या विजेवर, तापते. सॉकेटमध्ये उद्या काय खुपसलं जाईल हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून वायरिंगची नियमावली प्रत्येक पॉइंटला एक मानीव, म्हणजे गृहीत धरलेला, आकडा देते. तो कुठे चालतो आणि कुठे तोंडघशी पाडतो, हे कळलं की अर्धं काम झालं.

आपल्याकडे आयएस ७३२ या वायरिंगच्या भारतीय मानकाच्या धर्तीवर रुळलेला हिशेब असा: दिवा किंवा पंखा ६० वॉट, ६ अँपिअरचा प्लग १०० वॉट, १६ अँपिअरचा पॉवर प्लग १००० वॉट. लाइटच्या एका सर्किटवर (म्हणजे मुख्य बोर्डातून निघणाऱ्या एका लाइनवर) जास्तीत जास्त १० पॉइंट किंवा ८०० वॉट, जे आधी भरेल ते. पॉवर सर्किटवर दोनच सॉकेट, ३००० वॉटच्या आत.

आता फ्लॅट घेऊ. १२ दिवे, ४ पंखे आणि ६ अँपिअरचे १४ प्लग. दिवे-पंखे ९६० वॉट, प्लग १४०० वॉट, एकूण ३० पॉइंट आणि २३६० वॉट. पॉइंटवर मोजा की वॉटवर, सर्किटं तीनच येतात, पण तिन्ही काठोकाठ भरलेली. चार करा. एलईडीमुळे खरा लोड याहून बराच कमी असतो हे खरं, पण चौथं सर्किट असलं की एक ट्रिप झालं तरी निम्मं घर अंधारात जात नाही. या सर्किटांना दीडची (१.५ चौरस मिलिमीटर जाडीची) वायर आणि ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप बंद पडणारा स्विच.

गडबड होते ती पॉवर पॉइंटमध्ये. दोन एसी, दोन गिझर, वॉशिंग मशीन, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, फ्रिज असे आठ सॉकेट. मानीव आकड्याने ८००० वॉट. प्रत्येक उपकरणावरच्या पट्टीवरचे वॉट वाचले तर: दीड टनाचे एसी १६०० चे दोन, साठवणीचे गिझर २००० चे दोन, इंडक्शन २०००, हीटर असलेलं वॉशिंग मशीन २०००, मायक्रोवेव्ह १३००, फ्रिज २००. बेरीज १२,७००. दीडपटीहून जास्त! म्हणून पॉवरसाठी पॉइंट मोजू नका, उपकरणं मोजा. वॉट भागिले २३० म्हणजे अँपिअर: गिझर ८.७, मायक्रोवेव्ह आणि फ्रिज मिळून ६.५. (एसीसारख्या मोटरच्या उपकरणाला पट्टीवर अँपिअर दिले असतील तर तेच घ्या.) एसी, गिझर, इंडक्शन, वॉशिंग मशीन यांना प्रत्येकी स्वतंत्र लाइन. एसीला चारची वायर आणि २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (मोटर सुरू होतानाच्या क्षणिक झटक्याला न पडणारा), बाकीच्यांना अडीचची वायर आणि १६ अँपिअरचा. मायक्रोवेव्ह-फ्रिज एका लाइनवर चालतात, पण मायक्रोवेव्हने एमसीबी पाडला आणि घरचे गावी गेले असले तर फ्रिजमधलं सगळं फेकावं लागतं. खर्च परवडत असेल तर फ्रिज वेगळा ठेवा.

ओट्यावरचे प्लग कधीच दीडच्या वायरवर घेऊ नका. तिथे १०० वॉटचा नियम हास्यास्पद ठरतो: मिक्सर ७५०, टोस्टर ८००, किटली १५००, म्हणजे १३ अँपिअर. एकटी किटलीच ६.५ अँपिअर घेते, ६ च्या सॉकेटला न झेपणारी. ओट्यावर सहा-सोळाचे (दोन्ही मापांच्या पिना बसणारे) सॉकेट, अडीचची वायर, वेगळा १६ चा एमसीबी. नाहीतर लोक सोळाची पिन सहात बसवणारा कन्व्हर्टर आणतात आणि सॉकेटचं तोंड तपकिरी होतं. एमसीबी गप्प राहतो, कारण करंट त्याच्या मर्यादेतच असतो, तापतो तो ढिला संपर्क.

मेनचा, म्हणजे घराच्या मुख्य स्विचचा, आकार ठरवताना सगळ्याची सरळ बेरीज करत नाहीत, कारण सगळं एकाच वेळी चालू नसतं. घरांसाठी प्रचलित गुणक असे: दिवे-पंखे ६६ टक्के, साठवणीचे गिझर पूर्ण, बाकी प्लगमधला सर्वांत मोठा पूर्ण आणि उरलेले ४० टक्के. आपल्या फ्लॅटला: गिझर ४०००, इंडक्शन २०००, उरलेल्या ६७०० चे २६८०, दिवे-पंखे ६३४, छोटे प्लग ५६०. एकूण ९८७४ वॉट, सुमारे ४३ अँपिअर. टक्क्यांवर विश्वास नसेल तर जानेवारीतली सकाळी सातची वेळ डोळ्यांसमोर आणा: दोन्ही गिझर, इंडक्शन, मिक्सर, वॉशिंग मशीन, फ्रिज, थोडे दिवे मिळून ९२५० वॉट, ४० अँपिअर. मे महिन्यातल्या रात्री दोन्ही एसी लावूनही हा आकडा गाठला जात नाही. ४० चा मेन इथे पुरणार नाही. तीन फेज (विजेच्या एका ऐवजी तीन जिवंत तारा) घेतले आणि दोन गिझर वेगवेगळ्या फेजवर टाकले तर प्रत्येक फेजवर साधारण १५ अँपिअर येतात. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. तो कमी असेल तर परवानाधारक कंत्राटदारामार्फत आधी वाढवून घ्या, मग वायर ओढा.

एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ च्या जागी ३२ चा बसवणं हा सर्वांत महाग शॉर्टकट. १६ चा एमसीबी १८ अँपिअरवर तासभर पडत नाही आणि २३ वर पडायलाही तासापर्यंत वेळ घेऊ शकतो. इतकी ढील त्यात आधीच आहे. ३२ चा बसवला की अडीचची वायर आधी जळते. आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तो विजेची गळती पकडतो, जादा लोड नाही.

गिलाव्याआधी न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरी, मोजा. वायर वाचवायला तीन सर्किटांना एकच दीडचा न्यूट्रल ओढलेला सापडतो. एकाच फेजवरच्या तिन्ही लाइनींचे दहा-दहा अँपिअर परतताना त्या एका वायरमध्ये ३० होतात, आणि न्यूट्रलवर एमसीबी नसतो. डीबीत (एमसीबींच्या बोर्डात) जितके एमसीबी, न्यूट्रलच्या पट्टीवर तितकी टोकं हवीत. राहायला गेल्यावर पहिल्या थंडीत, सकाळच्या गर्दीच्या वेळी वायरमनकडून प्रत्येक लाइनला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारं यंत्र) लावून घ्या. १६ च्या लाइनवर १३ च्या वर आकडा टिकून दिसला तर तिथला एक सॉकेट दुसऱ्या लाइनवर न्या.