हवाई दलप्रमुखाची कारकीर्द कशी वाचावी

ज्येष्ठ हवाई दल अधिकाऱ्याचा अधिकृत परिचय वाचताना हुद्दे आणि पदके आधी डोळ्यांत भरतात, पण त्या अधिकाऱ्याने नेमके काय केले हे नियुक्त्यांवरून कळते, म्हणून वाचनाची सुरुवात तिथूनच करावी. विंग कमांडरपर्यंतच्या बढत्या ठरावीक सेवाकाळ व अटी पूर्ण झाल्यावर मिळतात. खरी निवड ग्रुप कॅप्टनपासून सुरू होते आणि पुढे प्रत्येक पायरीवर जागा कमी होत जातात.

मूळचे नांदेड जिल्ह्यातील एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी यांचे उदाहरण घेऊ. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडलेल्या चौधरी यांना 29 डिसेंबर 1982 रोजी लढाऊ वैमानिक म्हणून कमिशन मिळाले. त्यांनी मिग-21, मिग-23, मिग-29 आणि सुखोई-30 ही विमाने चालवली, ‘मेघदूत’ (सियाचीन) आणि ‘सफेद सागर’ (कारगिल युद्ध) या मोहिमांत भाग घेतला आणि झांबियातील स्टाफ कॉलेजात अध्यापनही केले. 1 ऑगस्ट 2020 रोजी त्यांनी पश्चिम हवाई कमांडची (कमांड म्हणजे हवाई दलाचा मोठा विभाग) सूत्रे हाती घेतली, 1 जुलै 2021 रोजी ते उपप्रमुख झाले आणि 30 सप्टेंबर 2021 रोजी प्रमुख.

अशा तारखा त्या काळातील घडामोडींशेजारी मांडून पाहाव्यात. पश्चिम कमांडच्या क्षेत्रात लडाख येते आणि 2020 च्या उन्हाळ्यापासून तिथे चीनशी तणाव होता. त्यामुळे परिचयात एका ओळीत उरकलेले ते अकरा महिने मला साऱ्या यादीत सर्वांत वजनदार वाटतात. हवाई दलाच्या सातही कमांड एकाच तराजूत तोलू नयेत, कारण पाच कमांड प्रत्यक्ष कारवाईच्या आहेत, तर बेंगळुरूची प्रशिक्षणाची आणि नागपूरची देखभालीची आहे, आणि या दोन्हींशिवाय बाकीच्या पाचांचे पान हलत नाही.

चौधरी यांच्या नावावर 3800 हून अधिक उड्डाणतास आहेत. लढाऊ विमानाचे उड्डाण बहुधा तासाभराचे असते, म्हणून हा आकडा मालवाहू विमानाच्या वैमानिकाच्या तासांशी ताडून पाहणे अन्यायाचे ठरते. पदकांतही फरक करावा: परम विशिष्ट आणि अति विशिष्ट सेवा पदके उल्लेखनीय सेवेसाठी दिली जातात, वीरचक्र शत्रूसमोरच्या शौर्यासाठी.

शेवटी वय तपासावे. एअर मार्शल, म्हणजे प्रमुखाच्या लगेच खालच्या हुद्द्यावरचे अधिकारी, साठाव्या वर्षी निवृत्त होतात. प्रमुखाची मुदत तीन वर्षे किंवा वयाची बासष्ट वर्षे, यांपैकी जे आधी येईल तिथपर्यंत असते. सर्वोच्च पद रिकामे होईल त्या दिवशी अधिकारी सेवेत असावा लागतो, आणि ते बऱ्याच अंशी त्याच्या जन्मतारखेवर अवलंबून असते. त्यामुळे प्रमुखपदापर्यंत न पोहोचलेल्या एअर मार्शलची कारकीर्द त्या एका कारणाने कमी लेखू नये.