खुबा नवा, चाल जुनी : घरच्या घरी बायोफीडबॅक

मी सांगलीत घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. खुबा बदललेल्या पेशंटना सरळ उभं राहा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "सरळच उभी आहे की!" त्या खोटं बोलत नसतात. दुखरा पाय वाचवत वर्षानुवर्षं लंगडल्यावर तिरकं उभं राहणंच सरळ वाटायला लागतं. म्हणून शरीर नेमकं काय करतंय ते आकड्यातून, आरशातून नाहीतर आवाजातून पेशंटला जागच्या जागी कळवायचं. हाच बायोफीडबॅक. मोठ्या सेंटरमध्ये बुटातले सेन्सर आणि स्नायूवर चिकटवायचे ईएमजीचे (स्नायू किती काम करतोय ते विजेच्या लहरींवरून मोजणारे) इलेक्ट्रोड असतात. घरी माझं बरंचसं दोन वजनकाट्यांवर भागतं.

त्याआधी सर्जनला विचारा : ऑपरेशनच्या पायावर किती वजन टाकायचं? बहुतेकांना पूर्ण वजनाची मुभा असते, पण हाड तडकलं असेल किंवा दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं असेल तर मर्यादा असू शकते.

काटे एकसारखे घ्या आणि ओट्यासमोर, कडक फरशीवर शेजारी शेजारी ठेवा. एकच असेल तर दुसऱ्या पायाखाली तेवढ्याच उंचीची पक्की फळी. मागे घरातलं कुणीतरी हवंच. हात ओट्यावर नुसता टेकवायचा. रेलून उभं राहिलं की आकडे फसवतात. एक निवृत्त बाई होत्या, वजन 64 किलो. चांगल्या पायाखाली 40, नव्या खुब्याच्या पायाखाली 24. "तुमचं मशीन बिघडलंय," म्हणाल्या. काटे अदलाबदल केले, आकडे तेच. मग मात्र कामाला लागल्या.

पेशंटनं वाकून आकडा बघायचा नाही. दुसऱ्यानं वाचून दाखवायचा. खांदा न झुकवता कंबर हळूहळू नव्या पायाकडे सरकवायची. दोन्ही आकडे जवळ आले की चार-पाच श्वास तिथंच थांबायचं. हे जमलं की आधी अंदाज, मग आकडा : "आता किती असेल?" असं विचारा आणि मगच सांगा. माझ्या मते खरी सुधारणा या अंदाजातच होते. सतत आकडा ऐकवत राहिलात तर काटा असेपर्यंतच सगळं छान चालतं.

उभं राहणं सुधारलं म्हणजे चाल सुधारली, असं मात्र नाही. चालताना कान वापरा. नव्या पायावर माणूस कमी वेळ थांबतो, त्यामुळे ठेका लंगडा पडतो. मोबाईलवर मेट्रोनोमचं, म्हणजे एकसारखे ठोके देणारं, ॲप लावून प्रत्येक ठोक्याला एक पाऊल टाकायचं. ठोका पेशंटच्या नेहमीच्या वेगाइतकाच ठेवा. खुबा मागे नीट जात नसला की चांगला पाय पुढे तोकडा पडतो. फरशीवर सारख्या अंतरावर रंगीत टेपचे पट्टे लावले की ते लगेच दिसतं. वळताना नव्या पायावर गरकन फिरायचं नाही, छोटी पावलं टाकत वळायचं.

आरसा कमरेसाठी. दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडावर, कपड्यावरूनच, टेप चिकटवा. नव्या पायावर उभं असताना दुसऱ्या बाजूची टेप खाली गेली तर खुब्याच्या बाहेरचा स्नायू अजून कमजोर आहे. ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन सर्जननं 1895 मध्ये दाखवलेली ही खूण आम्ही अजून रोज वापरतो. अशा वेळी काठी सोडायची घाई नको, आणि ती ऑपरेशनच्या विरुद्ध बाजूच्या हातात हवी. घरातले हमखास ती त्याच बाजूला देतात, किती वेळा सांगा!

थकवा आला की थांबा; दमलेल्या पायानं जुनीच चाल पक्की होते. पोटरी सुजून दुखायला लागली, जखमेतून पाणी आलं, जांघेत अचानक कळ येऊन पाय आखूड वाटला तर व्यायाम बंद करून त्याच दिवशी सर्जनला फोन करा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनवर वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठा.