मेल खरा की खोटा ओळखत बसू नका, त्यातून लॉगिन करणंच बंद करा

आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी मला स्क्रीनशॉट पाठवतं आणि खाली विचारतं, "हा मेल खरा आहे का गं?" आता खरं सांगायचं तर बऱ्याचदा नुसत्या स्क्रीनशॉटवरून मलाही सांगता येत नाही. पूर्वी बरं होतं, स्पेलिंगच्या चुका, ताणलेला लोगो, कुठल्यातरी राजपुत्राचे अडकलेले पैसे, दोन सेकंदांत कळायचं. आता एआयकडून कुणीही शुद्ध, नम्र, तुमच्या नावानिशी मेल लिहून घेतं आणि लोगो तर खऱ्या साइटवरूनच उचललेला असतो, त्यामुळे "नीट बघा म्हणजे कळेल" हा सल्ला मी द्यायचं जवळपास सोडलंय. ओळखता आला तर चांगलंच, पण नाही आला तरी नुकसान होणार नाही अशी सवय लावून घेतलेली बरी.

सवय एवढीच की मेलमध्ये काहीही लिहिलेलं असू दे, त्यातल्या लिंकवरून लॉगिन करायचं नाही. अकाउंट बंद होतंय म्हणतात? मेल बंद करा, अ‍ॅप उघडा किंवा ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करा, तिथे जाऊन बघा. खरंच काही भानगड असेल तर तिथे नोटीस दिसेलच. फोन करायचा असेल तर नंबरही मेलमधला घ्यायचा नाही, कारण हल्ली असे मेल येतात ज्यात लिंकच नसते, नुसतं "तुमचं सबस्क्रिप्शन रिन्यू झालं, पैसे कापले, रद्द करायचं तर या नंबरवर फोन करा" आणि पलीकडे एकदम गोड बोलणारा माणूस बसलेला असतो जो तुम्हाला स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला सांगतो. कार्डाच्या मागे छापलेला नंबर, अ‍ॅपमधला नंबर, तोच लावायचा.

अपवाद एकच, जी लिंक तुम्ही स्वतः आत्ता मिनिटभरापूर्वी मागवली, म्हणजे नवीन अकाउंट उघडलं त्याचं व्हेरिफिकेशन किंवा तुम्हीच दाबलेलं "पासवर्ड विसरलो". न मागता पासवर्ड रीसेटची लिंक आली तर तिला हात लावायचा नाही.

मी स्वतः फसता फसता वाचलेय म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितेय. पार्सलची वाट बघत होते, नेमका त्याच दिवशी मेल, "पत्ता अपुरा आहे, कन्फर्म करा नाहीतर पार्सल परत जाईल". दुसरं काम चालू होतं, लॅपटॉपवर लिंक दाबली, पान उघडलं, रंग बरोबर, लोगो बरोबर. ईमेलच्या चौकटीत क्लिक केलं. एरवी क्लिक केल्याबरोबर खाली पासवर्ड मॅनेजरची (पासवर्ड साठवून ठेवणारं आणि भरून देणारं अ‍ॅप) छोटी पट्टी येते, त्यात माझं अकाउंट दिसतं, तिथे काहीच आलं नाही, नुसता कर्सर लुकलुकतोय. मला वाटलं मॅनेजर अडकला असेल, म्हणून तो वेगळा उघडला, पासवर्ड कॉपी करायला गेले आणि तिथे साइटचा पत्ता लिहिलेला दिसला, मग वर ब्राउझरमधला बघितला, त्यात मध्ये एक डॅश जास्त होता. कानशिलं तापली अक्षरशः.

तर पासवर्ड मॅनेजर वापरायचं माझं पहिलं कारण हे आहे, लक्षात ठेवायची कटकट वाचते हे दुसरं. तो लोगो बघत नाही, घाईत नसतो, पत्ता अक्षर न अक्षर जुळला तरच पासवर्ड पुढे करतो. तो गप्प बसला की आपणही थांबायचं, कॉपी-पेस्ट करून त्याच्यावर मात करायची नाही (मी तेच करायला निघाले होते).

आता पाठवणाऱ्याचं नाव. लोक म्हणतात, "पण मेल तर कंपनीच्या नावानेच आलाय". मेल ज्या पद्धतीने जातो ना ती एसएमटीपी नावाची पद्धत १९८२ सालची आहे आणि पाठवणारा तोच आहे का हे तपासायची सोयच तिच्यात मुळात नव्हती. पाकिटाच्या मागे प्रेषक म्हणून कुणीही काहीही लिहू शकतं, तसंच. नंतर त्यावर पाठवणारा तपासायला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशी ठिगळं लावली. फोनवर तर फक्त नाव दिसतं, पत्ता दिसतच नाही, नावाखालच्या बाणावर टॅप केलं की खरा पत्ता उघडतो, ते तरी करत जा. कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये मेलच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांमध्ये "शो ओरिजिनल" आहे, तिथे या तिन्हींसमोर पास की फेल ते लिहिलेलं असतं. फेल असेल तर सावध व्हा. पण तिन्ही पास म्हणजे मेल त्या पत्त्याच्या डोमेनवरूनच (पत्त्यात @ नंतर असतं ते नाव) आलाय एवढंच, डोमेनचा मालक सज्जन आहे असं नाही. चोराने स्वतःचं डोमेन विकत घेऊन सगळं नीट सेट केलं तर त्यालाही तीन पास मिळतात. आणि तुमच्या मित्राचं अकाउंटच हॅक झालं असेल तर मेल खऱ्या पत्त्यावरूनच येणार, तेव्हा "अर्जंट आहे, जरा मदत कर" वाल्या मेलला उत्तर फोन करून द्यायचं.

लिंक वाचायला शिकून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. कॉम्प्युटरवर माउस नुसता वर न्या, फोनवर दाबून धरा, पत्ता दिसतो. सुरुवातीला एचटीटीपीएस आणि दोन स्लॅश असतात, ते सोडा, त्यानंतरचा पहिला स्लॅश शोधा आणि तिथून मागे मागे या. समजा पत्ता असा आहे, लॉगिन डॉट तुमचीबँक डॉट कॉम डॉट खाते-तपासणी डॉट इन्फो आणि मग स्लॅश. डोळ्याला "तुमचीबँक डॉट कॉम" दिसतं आणि आपण निर्धास्त होतो, पण मालक शेवटच्या दोन तुकड्यांचा, म्हणजे ही साइट "खाते-तपासणी डॉट इन्फो"ची, त्याआधीचं सगळं सजावट. (शेपटी को डॉट यूकेसारखी असेल तर तीन तुकडे धरा.) वर अक्षरांचा खेळ असतो, इंग्रजी आर आणि एन चिकटून लिहिले की एमसारखे दिसतात, एलच्या जागी 1 हा आकडा टाकतात, रशियन लिपीतला "а" तर आपल्या डोळ्यांना कधीच वेगळा कळणार नाही. आणि ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका प्लीज, कुलूप म्हणजे मधलं कुणी वाचत नाही एवढंच, समोर चोर बसला असेल तर चोराशीच सुरक्षित बोलणं चाललंय. लोकांचा हा गैरसमज इतका पक्का होता की क्रोमने २०२३ मध्ये ते कुलूपच काढून टाकलं.

एवढं सगळं माहीत असलेली माणसंही फसतात. मार्च २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांना गूगलच्या नावाने मेल आला, कुणीतरी तुमचा पासवर्ड वापरलाय, लगेच बदला. ऑफिसने आयटीवाल्याला विचारलं, म्हणजे करायला हवं तेच केलं. त्याने उत्तरात लिहिलं की मेल "लेजिटिमेट" (खरा) आहे, नंतर म्हणाला मला "इल्लेजिटिमेट" (खोटा) लिहायचं होतं. पण मला जास्त चुटपुट लागते ती दुसऱ्या गोष्टीची, त्याने त्याच उत्तरात पासवर्ड बदलायची गूगलची खरी लिंक दिली होती. क्लिक झालं ते मात्र मूळ मेलमधल्या लिंकवर. हजारो मेल चोरीला गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून विकीलीक्स या गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या साइटवर यायला लागले. मेल खरा समजूनसुद्धा फक्त रस्ता आपला वापरला असता तर काही झालं नसतं.

ऑफिसात पैशांचं काम बघत असाल तर वेगळा धोका आहे, तिथे ना लिंक असते ना व्हायरस, फक्त इनव्हॉइस असतं. एका लिथुएनियन माणसाने २०१३ ते २०१५ या काळात एका खऱ्या तैवानी सप्लायरच्या नावाने बिलं पाठवून गूगल आणि फेसबुककडून १० कोटी डॉलरच्या वर रक्कम काढली. गूगल आणि फेसबुक, म्हणजे बघा! २०१९ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. "आमचा बँक अकाउंट बदललाय" असा मेल आला की जुन्या फाइलमधला नंबर काढून माणसाशी बोलायचं, आणि साहेबांच्या नावाने "मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस, एवढं पेमेंट कर" असा मेल आला तर फोन करायचाच, साहेब चिडले तर चिडले.

अटॅचमेंटबद्दल थोडक्यात. मे २००० मध्ये "आय लव्ह यू" नावाचा मेल जगभर पसरला, त्यातल्या फाइलच्या नावाच्या शेवटी टीएक्सटी (साधा मजकूर) दिसायचं पण त्यामागे व्हीबीएस (म्हणजे चालणारा प्रोग्राम) लपलेलं होतं, विंडोज ते दाखवायचंच नाही. अजूनही सुरुवातीला दाखवत नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" चालू करून ठेवा. पासवर्ड लावलेली झिप आणि तिचा पासवर्ड त्याच मेलमध्ये, हे बघितलं की समजून जा, पासवर्ड लावलाय तो व्हायरस स्कॅनरला आत डोकावता येऊ नये म्हणून. एचटीएमएल फाइल जोडलेली असेल तर ते बहुतेक घरपोच आणलेलं खोटं लॉगिन पान. वर्ड-एक्सेल उघडल्यावर "एनेबल कंटेंट" दाबायला सांगितलं तर दाबू नका. क्यूआर कोड आला तर ती लिंकच आहे, फक्त फिल्टरला वाचायला अवघड जावं म्हणून चित्र करून पाठवलेली.

एक मेल असा येतो की "तुझा कॅमेरा हॅक केलाय, व्हिडिओ आहे माझ्याकडे, बिटकॉइन पाठव" आणि पुरावा म्हणून तुमचा खराखुरा जुना पासवर्ड लिहिलेला असतो. पोटात गोळा येतो, साहजिक आहे. पण तो पासवर्ड कुठल्यातरी जुन्या साइटच्या लीकमधून आलेला असतो, असे मेल एकगठ्ठा पाठवलेले असतात. उत्तर द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, तो पासवर्ड अजून कुठे वापरत असाल तर बदलायचा. "हॅव आय बीन पोन्ड" या साइटवर आपला मेल टाकून बघा, कुठल्या कुठल्या लीकमध्ये गेलाय ते दिसतं.

आता साधा स्पॅम. १९७८ साली अर्पानेटवर (इंटरनेटच्या आधीचं नेटवर्क) एका कॉम्प्युटर कंपनीच्या मार्केटिंगवाल्याने साधारण ४०० लोकांना जाहिरात पाठवली तेव्हापासून हे चालू आहे, पाठवायला जवळजवळ फुकट असल्यामुळे थांबायची आशा ठेवू नका, कमी करता येतं. नुसतं डिलीट करू नका, "रिपोर्ट स्पॅम" करा, फिल्टर त्यातूनच शिकतो. तुम्ही स्वतः कधीतरी नाव दिलेल्या दुकानाचे मेल नको असतील तर जीमेलमध्ये वरच अनसबस्क्राइबचं बटण येतं ते वापरा, मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्या कंपन्यांना गूगल आणि याहूने २०२४ पासून ही सोय ठेवायला लावलीय. पण ज्याचं नावही ऐकलं नाही त्याच्या मेलमधल्या खालच्या अनसबस्क्राइब लिंकवर जायचं नाही, तुम्ही तिथे आहात आणि वाचताय एवढंच त्याला कळतं. बाहेरची चित्रं आपोआप उघडणंही सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, एका ठिपक्याएवढ्या चित्रावरून मेल उघडल्याचं पाठवणाऱ्याला समजतं. जीमेलचा पत्ता असेल तर नावाच्या शेवटी, @ च्या आधी, अधिकचं चिन्ह लावून काहीही लिहिता येतं, मेल तुमच्याकडेच येतो, मी प्रत्येक साइटला वेगळा शब्द देते म्हणजे पत्ता कुणी विकला ते कळतं. काही साइट ते चिन्ह घेत नाहीत, तिथे दुसरं फालतू अकाउंट द्या.

आणि अचानक तासाभरात शेकडो न्यूजलेटर यायला लागले तर वैतागून सगळे एकदम उडवू नका. कुणीतरी तुमच्या अकाउंटमधून काहीतरी खरेदी केलेली असू शकते आणि तिचा कन्फर्मेशन मेल त्या ढिगात गाडायचा असतो. आधी बँक आणि शॉपिंगचे अकाउंट बघा.

टू-स्टेप (पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसरी खात्री) चालू करा हे सांगायला नको, पण ओटीपी म्हणजे कवच नाही. खोट्या पानावर तुम्ही ओटीपी टाकला की तो त्याच क्षणी खऱ्या साइटवर वापरला जातो. जिथे पासकी (पासवर्डऐवजी फोन किंवा कॉम्प्युटरमध्ये ठेवलेली डिजिटल किल्ली) मिळते तिथे ती घ्या, ती डोमेनला बांधलेली असते, खोट्या साइटवर चालतच नाही. निदान ज्या मेल अकाउंटवर बाकी सगळ्यांचे पासवर्ड रीसेट होतात त्याला तरी.

एवढं करून क्लिक झालंच तर? नुसतं पान उघडलं आणि काही टाकलं नाही, तर टॅब बंद करा, काही डाउनलोड झालं असेल तर न उघडता काढून टाका, झोप उडवून घेऊ नका. पासवर्ड टाकला असेल तर लगेच, शक्यतो दुसऱ्या डिव्हाइसवरून बदला, तोच पासवर्ड आणखी कुठे असेल तर तिथेही, आणि "सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट" करा. कार्डाची माहिती दिली असेल तर आधी बँकेला फोन, बाकी सगळं नंतर. ऑफिसचा मेल असेल तर आयटीला पाच मिनिटांत सांगा, लाज वाटली तरी सांगा. मग एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात, सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर आणि फॉरवर्डिंग बघा, रिकव्हरीचा फोन आणि मेल आपलाच आहे ना ते बघा, कुठल्या बाहेरच्या अ‍ॅपला अकाउंटची परवानगी दिलीय ते बघा. माझ्या ओळखीच्या एकीने पासवर्ड त्याच दिवशी बदलला होता, तरी पुढचे तीन आठवडे बँकेचा एकही मेल तिला इनबॉक्समध्ये दिसला नाही, कारण त्या माणसाने जाता जाता एक फिल्टर लावून ठेवला होता, बँकेचं नाव असलेलं सगळं थेट ट्रॅशमध्ये.