बीव्हरचा बांध फोडू नका, त्यातून पाइप घाला

बीव्हर म्हणजे झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणारा, पाण्यात राहणारा कुरतडणारा प्राणी. अमेरिका-कॅनडात ओढ्याकाठी घर असेल, तर त्याच्या बांधामुळे परसात पाणी चढू शकतं. अशा वेळी बांध उपसून टाकावासा वाटतो, पण त्याने काही साधत नाही. वाहत्या पाण्याचा आवाज आला की बीव्हर काटक्या-चिखल रचून रातोरात तो पुन्हा उभा करतात. सापळा लावून कुटुंब हलवलं तरी चांगली जागा फार काळ रिकामी राहत नाही, दुसरं येतं.

टिकाऊ उपाय आहे पाइपचा. तुम्हाला पाणी जेवढं हवं त्या उंचीवर बांधात खाच पाडा आणि जाड, लवचीक प्लास्टिक पाइप आरपार बसवा. पाइपचं तळ्याकडचं तोंड बांधापासून लांब, खोल पाण्यात न्या आणि त्याभोवती मजबूत तारजाळीचा ऐसपैस पिंजरा करा. पाणी कुठून जातंय हे बीव्हरला सहसा उमगत नाही, उमगलं तरी पिंजऱ्यामुळे तोंड बुजवता येत नाही. तळं राहतं, बेडूक-बदकंही राहतात, फक्त पातळी आटोक्यात येते. पिंजऱ्याला अडकलेला पालापाचोळा अधूनमधून काढत जा.

बांधाला हात लावण्याआधी राज्याच्या किंवा प्रांताच्या वन्यजीव विभागाला मात्र विचाराच. बऱ्याच ठिकाणी परवानगी लागते.

बीव्हरने कुरतडू नयेत म्हणून आवडीच्या झाडांना ३ ते ४ फूट उंच वेल्डेड जाळी गुंडाळा, खोडापासून थोडी सैल. बर्फ साचत असेल तर त्या थराच्या वर तेवढी उंची धरा. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी इथे टिकत नाही.